गुलाबी बाटलीतलं स्ट्रेप्टोमायसिन

परळच्या प्रयोगशाळेत पेशी वाढवणाऱ्या कुणालाही विचारा, पेशींना पोसणाऱ्या गुलाबी द्रावणाच्या बाटलीत ‘पेन-स्ट्रेप’, म्हणजे पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन ही प्रतिजैविकं, टाकायचं हे हाताच्या सवयीचं काम. त्यानं बुरशी रोखली जात नाही, पण जीवाणू तरी दूर राहतात. नेहमीचं प्रमाण: मिलिलिटरमागे १०० मायक्रोग्रॅम स्ट्रेप्टोमायसिन. पेशी हृदयाच्या असतील तर मात्र ही सवय नडू शकते. का, ते समजायला बरंच मागे जावं लागतं.

१८८२ साली लंडनमध्ये सिडनी रिंगर बेडकाचं हृदय मिठाच्या द्रावणात धडधडत ठेवत होते. ते छान चाललं. मग लक्षात आलं की द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात नव्हे, नळाच्या पाण्यात केलेलं होतं. शुद्ध पाणी वापरताच ठोके मंदावत जाऊन थांबले. नळाच्या पाण्यातला कॅल्शियम हेच त्यातलं गुपित होतं. चूक कबूल करून १८८३ मध्ये रिंगरांनी सुधारित निबंध छापला. हा मोठेपणा आज दुर्मीळच.

स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ मध्ये, अमेरिकेत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत, शॅट्झ यांच्या हातून. शिवडीच्या टीबी हॉस्पिटलमुळे मुंबईकरांना हे इंजेक्शन आणि त्यानं कानाला होणारा त्रास दोन्ही ओळखीचे. त्याच्याच घराण्यातल्या निओमायसिननं १९५६ मध्ये वेगळाच इशारा दिला: शस्त्रक्रियेत पोटात सोडल्यावर रुग्णांचा श्वास थांबल्याच्या नोंदी आल्या. नसेच्या टोकाशी कॅल्शियम आत शिरायला हे औषध आडवं येतं, हे पुढे उलगडलं.

मग हृदयाचा स्नायू तपासणं ओघानं आलंच. याच घराण्यातलं जेंटामायसिन घातलं की आकुंचन ढिलं पडतं, द्रावणात कॅल्शियम वाढवला की पुन्हा जोर येतो. या औषधांच्या रेणूंवर अनेक धन भार असतात, तेही कॅल्शियमसारखेच. त्यामुळे पेशीच्या दाराशी जागेसाठी रेटारेटी. नेहर आणि साकमान यांच्या १९७६ च्या पॅच-क्लॅम्प तंत्रानं (बारीक काचनळी पेशीला चिकटवून विद्युतप्रवाह मोजण्याच्या पद्धतीनं) पुढे एकेका पेशीत येणारा कॅल्शियमचा प्रवाह थेट मोजता आला, आणि तो खरोखर घटलेला दिसला.

घाबरून औषध थांबवू नका. हा परिणाम ठळक दिसतो तो उपचारात रक्तात असते त्यापेक्षा बऱ्याच जास्त मात्रेत. बाटलीतलं स्ट्रेप्टोमायसिन मात्र रुग्णाच्या रक्तातल्यापेक्षा जास्तच असतं. म्हणून प्रवाह मोजायच्या दिवशी पेन-स्ट्रेप फ्रिजमध्येच राहू द्यावं.