न खाणाऱ्या कासवाचे तापमान

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात राहणाऱ्या आमच्या एका आप्तांनी नुकतेच ‘ईस्टर्न बॉक्स टर्टल’ जातीचे एक कासव घरी आणले. आधीच्या मालकाला ते सांभाळणे जमेनासे झाले होते. आठवडाभरातच त्यांचा काळजीचा फोन आला. सफरचंद, काकडी, उकडलेले अंडे, इतकेच नव्हे तर मऊ भातही पुढे ठेवून झाला होता, परंतु कासव तोंड उघडायला तयार नव्हते. पाहुण्याने पानाला हात लावला नाही की आपण भाजी बदलतो, तसाच हा प्रकार होता. मी खाण्याविषयी काही न विचारता काचेच्या टाकीतले तापमान विचारले. वातानुकूलित खोलीतल्या त्या टाकीत ते 70 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 21 अंश सेल्सियस होते, आणि माझ्या मते उपासाचे मुख्य कारण तेच होते.

शाळेत आपण कासवाला ‘शीतरक्ताचा प्राणी’ म्हणायला शिकलो, पण हा शब्द दिशाभूल करतो. उन्हात बसलेल्या कासवाचे रक्त चांगलेच उबदार असते. फक्त ती ऊब त्याने स्वतः निर्माण केलेली नसते, तर बाहेरून मिळवलेली असते. अन्नाचे रेणू तोडणारी विकरे आणि आतड्याच्या भिंती आकुंचित करणारे स्नायू यांचा वेग तापमानावर अवलंबून असतो, आणि दहा अंश सेल्सियसच्या फरकाने अशा जैवरासायनिक क्रियांचा वेग साधारणपणे दुप्पट ते तिप्पट बदलतो. हे गुणोत्तर अडीच धरले, तर 30 अंशांना तीन दिवसांत पचणारे अन्न 20 अंशांना साडेसात दिवस घेईल. पण सगळ्याच क्रिया एकाच प्रमाणात मंदावत नाहीत, आणि खरी गुंतागुंत इथेच आहे. कासवाची विकरे थंडावली, तरी आतड्यातल्या जिवाणूंपैकी काहींचे काम त्या तापमानालाही चालू राहते, त्यामुळे न पचलेले अन्न आत सडण्याचा धोका निर्माण होतो. थंड कासवाने न खाणे हा त्यामुळे हट्ट नसून शरीराचा शहाणपणा आहे, आणि अशा वेळी जबरदस्तीने घास भरवणे घातक ठरू शकते.

मग सगळी टाकी 30 अंशांवर ठेवावी का? तेही चूकच. अनेक सरपटणारे प्राणी जेवल्यानंतर अधिक उबेची जागा शोधतात आणि काम झाले की सावलीत परततात. जंतुसंसर्ग झाल्यावर मुद्दाम अधिक उबेच्या जागी जाऊन शरीराचा ‘ताप’ वाढवण्याची वागणूक तर बॉक्स टर्टलमध्येही दिसली आहे. म्हणून त्याला एकच तापमान न देता तापमानाचा उतार द्यावा लागतो: एका टोकाला दिव्याखाली सुमारे 30 अंश, दुसऱ्या टोकाला 22 ते 24, आणि दोहोंमध्ये स्वतःच्या पायांनी फिरण्याची मुभा. शिवाय 290 ते 315 नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण देणारा दिवा आवश्यक आहे, कारण त्वचेतील ‘ड’ जीवनसत्त्वाची पहिली पायरी त्यांच्यामुळेच घडते. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात हे किरण जवळपास शिल्लकच राहत नाहीत.

दुसरे कारण भीतीचे आहे. या कासवाच्या पोटाकडच्या कवचाला आडवी बिजागरी असते, त्यामुळे ते स्वतःला डबीसारखे पूर्ण बंद करू शकते. मेरीलँडमधील पटक्सेंट येथे वन्यजीव शास्त्रज्ञ ल्युसिल स्टिकेल यांनी 1944 पासून केलेल्या अभ्यासातून दिसले की ही कासवे वर्षानुवर्षे जंगलाच्या त्याच लहानशा तुकड्यात राहतात. अशा प्राण्याला चहूबाजूंनी पारदर्शक भिंती आणि दिवसातून चार वेळा कौतुकाने उचलणारे हात मिळाले, तर ताणाची संप्रेरके वाढणारच. उचलल्यावर येणारा फुस्स आवाजही रागाचा नसतो. डोके आणि पाय आत घेताना फुप्फुसांतली हवा बाहेर ढकलली जाते, एवढेच. काचेला बाहेरून कागद लावावा, आत भरपूर पालापाचोळा आणि ओलसर माती घालावी, दडायला अंधारी जागा द्यावी आणि पहिले दोन आठवडे त्याला हात लावू नये. कोमट, उथळ पाण्यात वीसेक मिनिटे बसवणे एवढाच अपवाद.

भूक वाढवण्याचे थेंब बाजारात मिळतात, त्यांवर पैसे घालवण्यात अर्थ नाही. जिवंत कासव घरात ठेवले की लक्ष्मी नांदते, ही आपल्याकडची समजूत तर कासवांच्या चोरट्या व्यापाराला खतपाणीच घालते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार भारतातले रानटी कासव पकडून घरात ठेवणे हा गुन्हा आहे. देवळात गाभाऱ्यासमोर असते ते कासव दगडाचे किंवा धातूचे असते, त्याला भूक नसते. अमेरिकेतही रस्त्यावर दिसलेले बॉक्स टर्टल ज्या दिशेने चालले होते त्याच बाजूला सोडून द्यावे, घरी आणू नये.

खाण्याची वेळ सकाळची ठेवावी. जंगलात पाऊस पडून गेला की ही कासवे बाहेर येतात, म्हणून आधी पालापाचोळ्यावर पाणी शिंपडावे आणि मग वळवळते गांडूळ ठेवावे. हालचाल त्याला चटकन दिसते. सोबत तांबडी स्ट्रॉबेरी किंवा अळंबी चालते. त्याचा गळा खालीवर हलताना दिसला तर ते हवेतला वास घेत आहे असे समजावे आणि खोलीबाहेर जावे.

धडधाकट प्रौढ कासव काही आठवडे उपाशी राहू शकते आणि शरद ऋतूत दिवस लहान होऊ लागले की तसेही खाणे कमी करते. परंतु सुजलेले किंवा खोल गेलेले डोळे, नाकातून बुडबुडे, उघड्या तोंडाने श्वास यांपैकी काही दिसले, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी जावे.

आमच्या आप्तांनी दिवा लावल्यानंतर अकराव्या सकाळी अर्धे गांडूळ नाहीसे झालेले आढळले. उरलेले अर्धे कुठे गेले याचा शोध त्यांनी पालापाचोळा उकरून घेऊ नये, एवढेच मी त्यांना फोनवर बजावले.