युरियावर कडुनिंब कशासाठी चढला?

सोलापूरची जुनी गिरणी 1877 ची. गावाचं नाव सुतावर मोठं झालं, पण भोवतालच्या रानात राज्य ज्वारीचंच राहिलं; कपाशी दिसते ती बार्शी-करमाळ्याच्या पट्ट्यात. 1933 मध्ये इथे कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू झालं तेव्हा चिंता ओलीची होती. नत्राचा, म्हणजे पिकाला लागणाऱ्या नायट्रोजनचा, प्रश्न युरियाच्या गोणीबरोबर आला.

युरियात नत्र 46 टक्के, पण तो टिकत नाही. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात वर फेकलेला युरिया पाऊस लांबला की अमोनिया होऊन हवेत जातो. जोराचा पाऊस झाला तर अमोनियमचं नायट्रेट झालेला भाग पाण्याबरोबर निघून जातो. कपाशीची खरी भूक मात्र पात्या-बोंडांच्या वेळी. म्हणून खत हप्त्याने द्यायचं. पण साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यात मुख्य भिस्त सप्टेंबरवर. दुसऱ्या हप्त्याला वापसा, म्हणजे रानात कामाजोगी ओल, मिळेलच कशावरून?

नत्र सावकाश सुटावा हा विचार जुना आहे. अमेरिकेत टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीने 1960 च्या दशकात गंधकाचा थर दिलेला युरिया तयार केला. आपल्याकडे 1970 च्या दशकात दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत निंबोळी पेंडीवर काम झालं. निंबोळीतली द्रव्यं अमोनियमचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना आवरतात. युरियात पेंड कालवून टाकण्याची शिफारस त्यातलीच.

तरी 2015 मध्ये सगळ्या युरियाला निंबलेप, म्हणजे कडुनिंबाच्या तेलाचा थर, सक्तीचा झाला, त्यामागे पिकाइतकीच चोरीची काळजी होती. अनुदानाचा युरिया प्लायवूडच्या डिंकात आणि भेसळीच्या दुधात जात होता. आणि एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही: निंबलेप नायट्रेट होणं लांबवतो, अमोनियाचं उडणं थांबवत नाही. त्यासाठी कोळप्यामागे (पिकाच्या ओळींत चालणाऱ्या अवजारामागे) खत मातीआड करावंच लागतं.

2018 पासून गोणी 50 ऐवजी 45 किलोची झाली. 2023 मध्ये गंधकाचा थर ‘युरिया गोल्ड’ नावाने परत आला: 37 टक्के नत्र, 17 टक्के गंधक. गोणी 40 किलोची, किंमत तीच, 266 रुपये 50 पैसे. म्हणजे निंबलेपित गोणीत 20.7 किलो नत्र, सोनेरी गोणीत 14.8. शेतकरी हिशेब गोणीनेच करतो.