नौकाशर्यत-सप्ताह (रेगाटा)

शिडाच्या नौकांनी एखाद्या बंदरात किंवा उपसागरात चार ते आठ दिवस एकत्र जमायचे, दिवसा शर्यती लावायच्या आणि संध्याकाळी किनाऱ्यावर मेजवानी, गाणेबजावणे व बक्षीस-समारंभ करायचा, अशी युरोपीय सागरी जीवनातून आलेली प्रथा. प्रस्तुत नोंदीत तिच्या एका अंगाचा विशेष विचार केला आहे : ‘क्रूझर’ म्हणजे नौकेतच संसार थाटून बंदरोबंदरी फिरणाऱ्या दर्यावर्दींचा सहभाग. या प्रथेचा बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार या मराठीभाषक सीमाभागाशी असलेला संबंध शेवटी दिला आहे.

उगम : याबाबत एकमत नाही. रेगाटा हे नाव व्हेनिसचे. तिथल्या होड्यांच्या शर्यतींचे उल्लेख तेराव्या शतकाच्या अखेरीपासून सापडतात. पण त्या वल्ह्यांच्या शर्यती होत्या आणि नगरराज्याच्या सणाचा भाग होत्या. शिडाची नौका केवळ हौसेसाठी बाळगण्याची चाल सतराव्या शतकात हॉलंडमध्ये रुजली. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला १६६० मध्ये डचांकडून अशी एक नौका भेट मिळाली. पुढच्याच वर्षी, १ ऑक्टोबर १६६१ रोजी, त्याने आपला भाऊ ड्यूक ऑफ यॉर्क याच्याशी ग्रिनिच ते ग्रेव्हझेंड व परत अशी शंभर पौंडांची पैज लावली. जाताना वारा प्रतिकूल होता आणि राजा हरला. परतताना त्याने भरपाई केली. जॉन एव्हलिन या समकालीन लेखकाच्या रोजनिशीत ही नोंद असल्याने तारखेबद्दल शंका राहत नाही. मात्र दोन नौकांच्या पैजेला रेगाटा म्हणावे काय, हा प्रश्न उरतोच.

आयर्लंडमधील कॉर्क बंदरात १७२० मध्ये स्थापन झालेली संस्था काही लेखक आद्य मानतात. परंतु तिच्या सभासदांच्या नौका आरमारासारख्या रांगेत कवायत करीत. शर्यत हा त्यांचा मुख्य हेतू नव्हता. १७७५ मध्ये टेम्स नदीवर मोठा नौकोत्सव झाला आणि त्याच वर्षी कंबरलँड फ्लीट हा शर्यती घेणारा गट उभा राहिला. हा दुवा अधिक भक्कम आहे, तरी तो नदीवरचा व एकेका दिवसाचा. वाइट बेटावरील कौज येथे १० ऑगस्ट १८२६ रोजी शंभर पौंड किमतीच्या सुवर्णचषकासाठी सात नौका धावल्या. पाठोपाठ दुसरी शर्यत, नृत्यसमारंभ व आतषबाजी झाली. शर्यत, मुक्काम आणि मौज ही तिन्ही अंगे पहिल्यांदा एकत्र दिसतात ती इथे. म्हणून सप्ताहाचा उगम व्हेनिसकडे नेण्यापेक्षा कौजकडे नेणे अधिक सयुक्तिक वाटते. कौजला त्याआधीही स्थानिक होडीवाल्यांच्या शर्यती होत असाव्यात. जर्मनीतील कील सप्ताह १८८२ चा.

या सगळ्या धनिकांच्या नौका होत्या आणि त्या चालवायला पगारी खलाशी असत. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबर ग्लासचे सांगाडे साच्यातून निघू लागले, तेव्हा मध्यमवर्गीय कुटुंबांना दहा-बारा मीटर लांबीची नौका परवडू लागली आणि नवराबायको दोघेच महासागर ओलांडू लागले. हिवाळाभर कॅरिबियन समुद्रात भटकणाऱ्या अशा नौकांना हंगामाच्या शेवटी एकत्र आणणारा अँटिग्वाचा सप्ताह १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. थायलंडमधील फुकेतचा किंग्ज कप १९८७ मध्ये राजे भूमिबोल यांच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त सुरू झाला. हे राजे स्वतः कुशल शिडनौकाचालक होते. कॅनरी बेटांवरून अटलांटिक ओलांडणारा क्रूझरांचा ताफा १९८६ पासून निघतो. तो मात्र सप्ताह नव्हे, सहप्रवास आहे.

वेळेची सूट : क्रूझरांच्या शर्यतीचा खरा कणा हाच, आणि सर्वसाधारण वर्णनांतून नेमका तोच गळतो. पाणी कापत जाणाऱ्या जड नौकेचा कमाल वेग तिच्या पाणरेषेच्या (पाण्याच्या पातळीवर मोजलेल्या) लांबीवर अवलंबून असतो. नौका जितकी लांब, तितकी तिने उठवलेली लाट लांब आणि तितका वेग जास्त. ढोबळ सूत्र असे : पाणरेषेची लांबी फुटांत घेऊन तिच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणले की वेग नॉटमध्ये मिळतो (१ नॉट = ताशी १.८५२ किमी.). २५ फुटांच्या नौकेला ६.७ नॉट, तर ३६ फुटांच्या नौकेला सु. ८ नॉट. वीस सागरी मैलांत हा फरक अर्ध्या तासाचा होतो आणि तो कोणत्याही कौशल्याने भरून निघत नाही. कुस्तीच्या फडात वजन व वकूब पाहून जोड लावतात. इथे जोड लावणे शक्य नसते, कारण बंदरात जमलेल्या चाळीस नौकांत दोन सारख्या सापडणे कठीण. म्हणून सगळ्यांना एकत्र सोडायचे आणि नंतर हिशेबाने वेळ सुधारायची.

हिशेबाच्या मुख्य पद्धती दोन. पहिलीत सूट अंतरावर असते. प्रत्येक नौकेला दर मैलामागे ठरावीक सेकंद मिळतात. दोन नौकांच्या सुटीत मैलाला ६० सेकंदांचा फरक असेल, तर वीस मैलांत वीस मिनिटे. दुसरीत सूट वेळेच्या प्रमाणात असते. पोर्ट्स्मथ पद्धतीत प्रत्यक्ष लागलेल्या वेळेला १,००० ने गुणून त्या प्रकारच्या नौकेला ठरवून दिलेल्या अंकाने भागतात; संथ नौकेचा अंक मोठा असतो. १,००० अंकाची नौका ६० मिनिटांत आणि १,१०० अंकाची ६६ मिनिटांत आली, तर दोघींची बरोबरी. पहिली पद्धत समजायला सोपी आहे. पण वारा पडला आणि शर्यत दुपटीने लांबली, तरी तिची सूट तेवढीच राहते आणि संथ नौका नाहक मागे पडते. भारताच्या पश्चिम किनाऱ्यासारख्या मंद व लहरी वाऱ्याच्या प्रदेशात दुसरी पद्धत अधिक न्याय्य म्हणावी लागेल. संध्याकाळी खारे वारे थांबले आणि मोठ्या नौका त्याआधीच पोचलेल्या असल्या, तर दोन्ही पद्धती लहान नौकेला वाचवू शकत नाहीत.

सूट नसती तर काय होते, याचा प्रसिद्ध दाखला २२ ऑगस्ट १८५१ चा. वाइट बेटाभोवतीची ती शर्यत वेळेच्या सुटीविना झाली आणि अमेरिका नावाची सु. १७० टनी नौका जिंकली. तिच्यामागून आलेली ऑरोरा अवघी ४७ टनांची होती. दोघींतील अंतर कुणी ८ मिनिटे सांगतो, कुणी २० हून अधिक. कोणताही आकडा धरला, तरी वजनातील तफावत पाहता लहान नौकेची कामगिरी असामान्यच ठरते. अमेरिकाज कप या प्रसिद्ध शर्यत-चषकाचे नाव या विजेत्या नौकेवरूनच आले.

क्रूझर-गटाला आणखी सवलती असतात. पुढचे फुगीर रंगीत शीड न वापरणाऱ्यांचा वेगळा वर्ग असतो. नांगराची साखळी, पाण्याच्या टाक्या, स्वयंपाकाची भांडी, मुलांची पुस्तके असा सारा संसार पोटात घेऊन धावणारी नौका जड असणारच. तिचा अंक ठरवताना याचा अंदाज धरला जातो. शर्यतीत इंजिनाच्या जोरावर पुढे जाता येत नाही. काही लांब पल्ल्यांच्या सहप्रवासांत मात्र इंजिन चालवलेले तास प्रत्येकाने प्रामाणिकपणे लिहून द्यायचे आणि त्याचा दंड वेळेत मिळवायचा, अशी मुभा आहे.

नियम व आरंभ : नौकांना ब्रेक नसतो आणि रेषेवर थांबून राहता येत नाही. त्यामुळे आरंभ घड्याळावर होतो. पाच मिनिटे आधी गटाचे निशाण चढते, चार मिनिटे आधी तयारीचे. एक मिनिट उरता तयारीचे उतरते आणि शून्याला गटाचे. त्या पाच मिनिटांत सगळ्या नौका रेषेमागे घिरट्या घालत असतात आणि नवख्याच्या काळजाचा ठोका चुकतो तो इथेच. उजवीकडून वारा घेणाऱ्या नौकेला डावीकडून घेणारीने वाट द्यावी. दोघींची बाजू एकच असेल, तर वाऱ्याच्या अंगाच्या नौकेने दुसरीपासून दूर राहावे, हे दोन नियम आधी पाठ हवेत. पाण्यावर पंच क्वचितच असतो. चूक झाली की आपणहून दोन गिरक्या घ्यायच्या. दुसऱ्याची चूक वाटली, तर हाक देऊन लाल निशाण लावायचे आणि संध्याकाळी तक्रार-समितीपुढे बसायचे. संकटातील माणसाला मदत करणे हा नियमपुस्तकातला पहिला नियम आहे आणि त्यात गेलेल्या वेळेची भरपाई मागता येते. प्रथम येणाऱ्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, असे मोजून सर्वांत कमी गुणांची नौका सप्ताहाची विजेती ठरते. बहुधा सर्वांत वाईट शर्यतीचे गुण वगळतात.

सहभागाचे स्वरूप : ज्याची स्वतःची नौका नाही, त्यालाही दार बंद नसते. नवराबायकोच्या नौकेला शर्यतीत चार-सहा जास्तीचे हात लागतात. दोर ओढायला, वजन म्हणून वाऱ्याकडच्या कठड्यावर बसायला, मार्गावरच्या वळणखुणेकडे नजर ठेवायला किनाऱ्यावरची माणसे घेतली जातात. सकाळी रेडिओवर हवामान आणि मार्ग सांगितला जातो, त्यातच कुणाला माणूस हवा, कुणाला शिवणाचा दोरा हवा, हेही. आदल्या दिवशीचा प्रतिस्पर्धी फाटलेले शीड शिवायला हजर असतो, आणि हे सौजन्य दिखाऊ नसते : पुढच्या महिन्यात आडबंदरात नांगर सुटला, तर धावून येणारी नौका तीच असण्याची शक्यता असते. मधला एक दिवस विश्रांतीचा. त्या दिवशी छोट्या होड्यांच्या शर्यती, रस्सीखेच, मुलांचे खेळ, वेषभूषा; नौकांवर नाळेपासून (पुढच्या टोकापासून) डोलकाठीवरून मागच्या टोकापर्यंत संकेत-निशाणांच्या माळा.

भारत : मुंबईत रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ मध्ये स्थापन झाला, देशाच्या यॉटिंग असोसिएशनची स्थापना १९६० ची. हैदराबादच्या हुसेनसागर तलावावर ऐन पावसाळ्यातल्या वाऱ्यावर सप्ताह भरतो. तो छोट्या, एकाच प्रकारच्या नौकांचा असल्याने वेळेच्या सुटीचा प्रश्न येत नाही. राहत्या नौकांचे सप्ताह मात्र आपल्याकडे रुजलेले नाहीत.

सीमाभाग : बेळगावला समुद्र नाही, पण त्याची वाट जुनी आहे. रेल्वे येण्यापूर्वी बेळगावच्या छावणीचा आणि बाजारपेठेचा माल आंबोलीच्या घाटाने वेंगुर्ले बंदराशी जोडलेला होता. खानापूर तालुक्यातील भीमगडच्या रानात उगम पावणारी म्हादई गोव्यात मांडवी होते. याच मांडवीतील दिवाडी बेटावर बांधलेल्या १७ मीटरच्या शिडनौकेला नौदलाने म्हादई हे नाव दिले. तिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता. केपटाउन ते रिओ या महासागरी शर्यतीतही म्हादई २०११ व २०१४ मध्ये उतरली. खानापूरच्या डोंगरातल्या झऱ्याचे नाव अटलांटिकच्या शर्यतीत धावले, ही सीमाभागातल्या मराठी माणसाने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे.

कारवार हे सीमाभागाचे सागरी तोंड. काळी नदीचे मुख, सदाशिवगड आणि समोरची बेटे यांमुळे ऑक्टोबर ते मार्चच्या दुपारी तिथे खाऱ्या वाऱ्यांचा उत्तम पट्टा मिळतो. सकाळचे मतलई वारे थांबून खारे सुरू होईपर्यंत पाणी निपचित असते, म्हणून या किनाऱ्यावर शर्यतीचा आरंभ दुपारी ठेवणेच शहाणपणाचे. जूनपासून समुद्र बंद. सजवलेल्या नौकांच्या मेळ्याची स्थानिक परंपरा कारवारसमोरच्या कूर्मगड बेटावरील नृसिंह जत्रेत दिसते. जानेवारीत भाविक होड्यांतून बेटावर जातात. २१ जानेवारी २०१९ रोजी या जत्रेहून परतणारी एक बोट उलटून अनेक भाविक बुडाले. प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट आणि बोटीत माणसांची ठरलेली मर्यादा, या दोन गोष्टी रेगाटाच्या शिस्तीतून आपल्या जत्रांनी विनाविलंब उचलाव्यात.

घाटमाथ्यावर हिडकलचा जलाशय आणि मलप्रभेवरील नविलतीर्थ ही मोठी पाणी आहेत. पावसाळ्यात पश्चिमेचा जोरदार वाराही असतो. उत्तरेला सांगलीत कृष्णेच्या पात्रात होड्यांच्या शर्यती होतात, पण त्या वल्ह्यांच्या.