शुभवर्तमानांवरची नावं किती जुनी, किती खरी?

पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पपायरसचा एक कपटा जपून ठेवलेला आहे. त्यावर ग्रीकमध्ये फक्त तीन शब्द आहेत: 'मत्तयानुसार शुभवर्तमान'. शुभवर्तमान म्हणजे येशूची जीवनकथा सांगणारा ग्रंथ; बायबलच्या नव्या करारात असे चार आहेत. मत्तय हे नाव ग्रीकमध्ये लिहिताना दोन 'थ' लागोपाठ येतात. लेखनिकानं त्या दोन अक्षरांच्या मध्ये, जरा वरच्या अंगाला, स्वल्पविरामासारखी बारीक खूण केली आहे. अशी खूण करण्याची पद्धत इ.स. 200 च्या आगेमागे रूढ होत गेली. ती खूण आणि अक्षरांचं वळण यांवरून अभ्यासक या कपट्याचा काळ दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा किंवा तिसऱ्याच्या सुरुवातीचा ठरवतात. वरच्या इजिप्तमधल्या कोप्तोस इथे 1889 मध्ये एका घराच्या भिंतीत चिणलेलं पुस्तक सापडलं. ते फिलो या यहुदी तत्त्ववेत्त्याचं होतं आणि त्याच्या बांधणीत लूकच्या शुभवर्तमानाची फाटकी पानं भरताड म्हणून कोंबलेली होती. हा कपटा त्यांच्याच सोबतचा. मत्तयच्या शीर्षकाचा आज हाती असलेला हा सर्वांत जुना पुरावा मानला जातो, आणि त्याचा नीट अभ्यास सायमन गॅदरकोल यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केला.

तीन शब्दांच्या कपट्याला एवढं महत्त्व का, हे समजायला एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. मत्तय, मार्क, लूक आणि योहान या चारही शुभवर्तमानांच्या मजकुरात लेखक स्वतःचं नाव कुठेही सांगत नाही. लूक थियफिल नावाच्या गृहस्थाला उद्देशून सुरुवात करतो, मूळच्या साक्षीदारांकडून आलेली हकिकत आपण क्रमानं मांडतो आहोत असंही म्हणतो, पण 'मी लूक' असं म्हणत नाही. योहानच्या शेवटच्या अध्यायात 'ज्या शिष्याने हे लिहिलं' असा उल्लेख येतो, तोही बिननावाचा. नावं आहेत ती शीर्षकात. ग्रंथ लिहिले गेले ते बहुतेक अभ्यासकांच्या मते इ.स. 65 ते 100 या काळात, आणि शीर्षकाचा हाती असलेला पुरावा त्यानंतर शंभरेक वर्षांचा. मधल्या काळात ही नावं कुणी आणि कशाच्या आधारावर घातली?

श्रद्धाळू माणसाला हा प्रश्न उद्धट वाटू शकतो आणि नास्तिकाला त्याचं उत्तर आधीच ठाऊक असल्यासारखं वाटतं. मला तो सरळ पुराव्याचा प्रश्न वाटतो. पुरावा म्हटला की प्रत्येक नावाची वेगळी तपासणी आली.

सुरुवात चारही नावांना लागू पडणाऱ्या मुद्द्यापासून करू. जर्मन अभ्यासक मार्टिन हेंगेल यांनी तो 1980 च्या दशकात जोरकसपणे मांडला. एखाद्या मंडळीकडे, म्हणजे गावातल्या ख्रिस्ती समाजाकडे, एकच शुभवर्तमान असेल तर त्याला शीर्षक नसलं तरी चालतं. पण पेटीत दुसरं येऊन पडलं की कुठलं कुणाचं हे लिहून ठेवावंच लागतं. आता हे ग्रंथ रोम, सिरिया, इजिप्त, आशिया मायनर असे दूरदूर पसरलेले होते. ते बरीच वर्षं बेनाम फिरले असते, तर वेगवेगळ्या गावांनी आपापल्या अंदाजानं नावं दिली असती. कुठे मार्कच्या ग्रंथाला येशूचा प्रमुख शिष्य पेत्र याचं नाव लागलं असतं, तर कुठे लूकच्या ग्रंथाला प्रेषित पौलाचं. पण जिथे जिथे शीर्षक शिल्लक आहे, तिथे तीच चार नावं आणि 'अमक्यानुसार' हाच साचा दिसतो. पी-75 नावाच्या पपायरसमध्ये तर एकाच पानावर लूक संपतो आणि योहान सुरू होतो, आणि दोन्ही शीर्षकं एकाखाली एक वाचता येतात.

हा तर्क नुसताच गोड आहे की खरोखर पेलतो, हे तपासायला आपल्याला एक तुलनेचा नमुना मिळालेला आहे: नव्या करारातलं इब्री (हिब्रू) लोकांस पत्र. हे पत्रही बेनाम आहे. आरंभीच्या ख्रिस्ती लेखकांपैकी तर्तुलियन ते पौलाचा सोबती बर्णबा याचं समजत होता. अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट म्हणे की पौलानं ते इब्रीत लिहिलं आणि लूकनं ग्रीकमध्ये उतरवलं. इ.स. 200 च्या सुमाराच्या पी-46 या संग्रहात ते पौलाच्या पत्रांमध्ये, थेट रोमकरांस पत्राच्या मागे ठेवलेलं आहे. ओरिगेनसारख्या विद्वानानं मात्र सांगून टाकलं की ते कुणी लिहिलं हे खरं तर देवालाच ठाऊक. लेखक खरोखर विसरला गेला की काय होतं, हे इथे दिसतं: मतं फुटतात. शुभवर्तमानांबाबत अशी फाटाफूट आढळत नाही, आणि मला हा पुरावा बराच वजनदार वाटतो. त्याला मर्यादाही आहे. दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात कुणा एका ठिकाणी चौघांचा संच बनला आणि तो नावांसकट सगळीकडे गेला, तरीही अशीच एकवाक्यता दिसेल. इ.स. 150 च्या सुमारास लिहिणारा जस्टिन 'प्रेषितांच्या आठवणी' असं म्हणतो, चार नावं घेत नाही. ती चारही एकत्र, ठामपणे येतात ती 180 च्या सुमारास, आजच्या फ्रान्समधल्या ल्यों शहराचा बिशप इरेनियस याच्या लिखाणात.

त्याच्या आधीचा महत्त्वाचा साक्षीदार म्हणजे हियरापोलिसचा पापियस. हे गाव आज तुर्कस्तानात, पामुक्कलेच्या पांढऱ्याशुभ्र गरम झऱ्यांशेजारी आहे. पापियसचं लिखाण हरवलं. त्यातले काही उतारे चौथ्या शतकातल्या युसेबियसनं नोंदवून ठेवले म्हणून वाचले. इ.स. 110 ते 130 च्या दरम्यान पापियस लिहितो की मार्क हा पेत्राचा दुभाषी होता आणि पेत्राकडून ऐकलेलं त्यानं अचूक, पण क्रमवार नव्हे, असं लिहून ठेवलं.

मार्कचा ग्रंथ या साक्षीशी कितपत जुळतो? शिष्यांपैकी सर्वांत आधी नाव येतं ते शिमोन पेत्राचं, आणि शेवटही त्याच्याच नावानं होतो. पेत्राची फजिती, त्याचं नाकारणं, त्याला खावी लागलेली बोलणी यांवर कसलंही पांघरूण घातलेलं नाही. लॅटिन शब्द ग्रीक मजकुरात जागोजाग डोकावतात. गरीब विधवा मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या टाकते, तिथे मार्क थांबून सांगतो की म्हणजे एक क्वाद्रान्स. हे रोमन जगाच्या पश्चिम भागात चालणारं नाणं. पॅलेस्टाइनच्या वाचकासाठी ही फोड कुणी केली नसती. रोमकडे बसून लिहिणाऱ्या माणसानं केली असावी, आणि परंपराही मार्कला रोमशीच जोडते. उलट बाजूला सातव्या अध्यायातला एक विचित्र प्रवास आहे: सोर नगरातून निघून, उत्तरेकडच्या सिदोनवरून, दक्षिणेकडच्या गालील समुद्राला. या भागाचा भूगोल लेखकाला नीटसा माहीत नसावा असं त्यावरून पुष्कळांना वाटतं.

तरीही मार्कच्या बाबतीत एक साधा प्रश्न मला सोडत नाही. नाव बनवूनच द्यायचं होतं तर मार्कचं का दिलं? तो बारा शिष्यांपैकी नव्हता. ज्यांनी नंतर ग्रंथ रचून नावं चिकटवली त्यांनी पेत्र, थोमा, फिलिप अशी मोठी नावं निवडली. आपल्याकडे नामदेवांच्या गाथेत 'नामा म्हणे' या मुद्रेखाली विष्णुदास नाम्याचे अभंग मिसळले, ते नामदेवांचं नाव मोठं म्हणूनच मिसळू शकले. दुय्यम माणसाचं नाव टिकतं तेव्हा त्यामागे खरी आठवण असण्याची शक्यता वाढते. हेच लूकलाही लागू पडतं.

मत्तयची बाजू मात्र कच्ची आहे, आणि ते स्पष्ट म्हणायला हवं. पापियस म्हणतो की मत्तयनं इब्री भाषेत वचनं जमवली. आपल्या हातातला मत्तय अनुवादासारखा वाचला जात नाही, मुळातच ग्रीकमध्ये रचलेला वाटतो. शिवाय मार्कच्या 661 वचनांपैकी सुमारे नव्वद टक्के मजकूर तो वापरतो, पुष्कळदा शब्दाला शब्द. जो स्वतः जकातनाक्यावरून उठून येशूच्या मागे गेला, तो आपल्याच बोलावण्याची हकिकत तिथे नसलेल्या माणसाच्या ग्रंथातून कशाला घेईल? मार्क त्या जकातदाराला लेवी म्हणतो, पहिल्या शुभवर्तमानात तो मत्तय होतो. खऱ्या मत्तयकडून आलेला काही मजकूर या ग्रंथाच्या मुळाशी असेल आणि नाव तिथून वर चढलं असेल, असं मानणारे अभ्यासक आहेत. मला हाच मार्ग पटतो, पण तो अंदाज आहे.

लूकची कथा विज्ञानाच्या दृष्टीनं सर्वांत बोधप्रद. पौलाच्या पत्रांत 'प्रिय वैद्य लूक' असा उल्लेख आहे. त्यावरून विल्यम होबार्ट यांनी 1882 मध्ये लूकच्या दोन्ही ग्रंथांतले, म्हणजे शुभवर्तमानातले आणि 'प्रेषितांची कृत्ये' या येशूनंतरच्या शिष्यांची हकिकत सांगणाऱ्या ग्रंथातले, शेकडो शब्द गोळा केले, ते ग्रीक वैद्यकग्रंथांत दाखवले आणि निष्कर्ष काढला की लेखक वैद्यच होता. कित्येक वर्षं हे पक्कं मानलं गेलं. मग 1920 मध्ये हेन्री कॅडबरी यांनी होबार्टनी न केलेली गोष्ट केली. वैद्य नसलेल्या लेखकांमध्ये तेच शब्द शोधले. जोसेफस, प्लुटार्क, लुशियन यांच्याकडे त्यातले बहुतेक सापडले. तो शिकल्यासवरल्या माणसाचा शब्दसंग्रह होता, वैद्याचा खास नव्हे. लूक वैद्य नव्हता असं यातून ठरत नाही. शब्दांवरून ते ठरवता येत नाही, एवढंच ठरलं.

दुसरा पुरावा दगडात कोरलेला आहे. प्रेषितांची कृत्ये थेस्सलनीकाच्या नगराधिकाऱ्यांना 'पोलितार्ख' म्हणतात. ग्रीक साहित्यात ही पदवी जवळपास आढळत नाही, त्यामुळे लेखकाची चूक असावी अशी शंका होती. त्याच शहराच्या वार्दार वेशीवर मात्र ही पदवी कोरलेली होती. वेस 1876 मध्ये पाडली गेली, शिलालेख आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि मॅसेडोनियाच्या इतर गावांतूनही असे लेख निघाले आहेत. डेल्फीला सापडलेल्या सम्राट क्लॉडियसच्या पत्रात गल्लियोचं नाव येतं. त्यावरून तो इ.स. 51-52 च्या सुमारास करिंथच्या प्रांताचा अधिकारी होता हे कळतं, आणि कृत्यांच्या अठराव्या अध्यायात पौल त्याच्याच न्यायासनासमोर उभा राहतो. त्यात भर म्हणजे त्रोवस बंदरापासून कथन अचानक 'ते गेले' सोडून 'आम्ही निघालो' असं बोलू लागतं. लेखक पौलाचा सोबती होता, याला ही सगळी अनुकूल साक्ष आहे. याच्या विरोधात, हा सोबती पौलाच्या पत्रांचा एकदाही उल्लेख करत नाही, आणि पौलाच्या यरुशलेमभेटींचा त्याचा हिशोब गलतीकरांस पत्राशी सहज जुळत नाही.

अलीकडे आकड्यांचाही आधार घेतला जातो. ताल इलान यांनी त्या काळच्या यहुदी नावांचा कोश केला: अस्थिपेट्यांवरची, दस्तऐवजांतली, शिलालेखांतली नावं. त्यावरून रिचर्ड बॉकहॅम यांनी 2006 मध्ये हिशोब मांडला. पॅलेस्टाइनमध्ये सुमारे 15.6 टक्के पुरुषांची नावं शिमोन किंवा योसेफ होती, आणि शुभवर्तमानं व कृत्ये मिळून हे प्रमाण 18.2 टक्के भरतं. आणखी बोलकी गोष्ट म्हणजे ओळख पटवण्याची जोड. शिमोन फार, म्हणून शिमोन पेत्र, कुरेनेकर शिमोन. मरीया फार, म्हणून मग्दालीया मरीया. विरळ नावांना अशी शेपटी सहसा लागत नाही. नमुना लहान असल्यामुळे या आकडेमोडीवर संख्याशास्त्राच्या अंगानं आक्षेप घेतले गेले आहेत आणि वाद चालू आहे. शिवाय तिच्या जोरावर फार तर माहिती त्या मातीतली आहे असं म्हणता येतं, ती कागदावर उतरवणारा कोण हे त्यातून कळत नाही. परंपरेच्या बाजूनं लिहिणारे काही जण हा फरक विसरतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

पौलाच्या पत्रांचं वेगळं आहे. तिथे नाव मजकुरातच असतं. प्रश्न ते खरं का, हा. रोमकरांस, करिंथकरांस पहिलं व दुसरं, गलतीकरांस, फिलिप्पैकरांस, थेस्सलनीकाकरांस पहिलं आणि फिलेमोनास ही सात पत्रं पौलाचीच, यावर जवळजवळ एकमत आहे. बाकीच्या सहांवर वाद. शब्द मोजून तो सोडवावा ही कल्पना 1851 मध्ये ऑगस्टस डी मॉर्गन या गणितज्ञानं एका पत्रात सुचवली. त्याचा जन्म मदुराईचा. शब्दांची सरासरी लांबी काढून बघा, तो म्हणाला, एक माणूस दोन विषयांवर लिहितानाही स्वतःशीच जास्त जुळेल.

पुढे 1921 मध्ये पी. एन. हॅरिसन यांनी तीमथ्य आणि तीत यांना लिहिलेल्या तीन पत्रांतले विशेषनामं वगळून 848 वेगवेगळे शब्द मोजले. त्यातले 306 पौलाच्या उरलेल्या दहा पत्रांत कुठेच नाहीत. 1960 च्या दशकात ए. क्यू. मॉर्टन यांनी संगणक लावून चारच पत्रं पौलाची ठरवली, पण त्याच मोजपट्टीनं एकहाती लिहिलेली आधुनिक पुस्तकंही अनेक लेखकांची ठरू लागली, असं टीकाकारांनी दाखवून दिलं. अँथनी केनी यांनी 1986 मध्ये अधिक सावधपणे मोजमाप केलं, तेव्हा तेरापैकी बारा पत्रं एकाच अष्टपैलू लेखकाची असायला हरकत दिसली नाही. खटकलं ते फक्त तीताला लिहिलेलं पत्र. फिलेमोनास पत्र ग्रीकमध्ये अवघं 335 शब्दांचं आहे. एवढ्याशा नमुन्यावर आकडेशास्त्र किती बोलणार? त्यात पौल स्वतः लिहीत नसे, सांगत असे. रोमकरांस पत्राच्या शेवटी लेखनिक तर्तियस स्वतःच्या नावानं नमस्कार सांगतो, आणि गलतीकरांस पत्रात शेवटी पौल लेखणी हातात घेऊन म्हणतो, पाहा किती मोठ्या अक्षरांत मी तुम्हाला लिहितो आहे. शैली पौलाची की लेखनिकाची, हे मग कसं वेगळं काढायचं?

जुन्या मंडळ्यांना लेखकाची पर्वा नव्हती, असं कधीकधी म्हटलं जातं. पुरावा तसं म्हणू देत नाही. पौलाच्या नावावर 'कृत्ये' रचणाऱ्या आशिया मायनरमधल्या मंडळीच्या एका धर्माधिकाऱ्यानं 'पौलावरच्या प्रेमापोटी केलं' असं कबूल केलं, तरी त्याला पद सोडावं लागलं, असं तर्तुलियन सांगतो. तिसऱ्या शतकाच्या मध्यावर अलेक्झांड्रियाचा बिशप दियोनिसियस यानं तर योहानचं शुभवर्तमान आणि प्रकटीकरण (नव्या करारातलं शेवटचं पुस्तक, तेही योहानच्या नावावरचं) ही पुस्तकं शेजारी ठेवून आजच्या अभ्यासकासारखी तुलना केली. शुभवर्तमानात आणि योहानच्या पहिल्या पत्रात जीवन, प्रकाश, सत्य हे शब्द सतत येतात, प्रकटीकरणात त्यांचा जवळपास मागमूस नाही. एकाचं ग्रीक निर्दोष, दुसऱ्याचं व्याकरण जागोजाग घसरतं. प्रकटीकरण पवित्र आहे हे तो मान्य करतो, पण ते येशूचा शिष्य, जब्दीचा मुलगा योहान याचं नव्हे, दुसऱ्याच कुणा योहानचं असावं, असा निर्णय देतो. इफिसमध्ये योहानच्या नावाच्या दोन कबरी आहेत असं ऐकल्याचंही तो नोंदवतो. आज बहुतेक अभ्यासक त्याच्याशी सहमत आहेत. शुभवर्तमान लिहिणारा योहान त्या दोघांपैकी कोणता, यावरचा वाद मात्र अजून मिटलेला नाही.