रायफलची हलकी काडतुसे

रायफलच्या नेहमीच्या काडतुसापेक्षा कमी दारू घालून हाताने भरलेल्या काडतुसाला हलके काडतूस म्हणतात. .30-06 जातीच्या पूर्ण ताकदीच्या काडतुसातून 150 ग्रेन वजनाची गोळी (एक ग्रेन म्हणजे 0.0648 ग्रॅम) सेकंदाला सुमारे 2,900 फूट वेगाने सुटते. हलक्या काडतुसात हा वेग 1,200 ते 2,000 फुटांपर्यंत उतरवतात. खांद्याला बसणारा धक्का, आवाज आणि नळीची झीज कमी होते. म्हणून नवशिक्यांचा सराव, जवळच्या अंतरावरची नेमबाजी आणि शिशाच्या ओतीव गोळ्या यांसाठी ही काडतुसे भरतात. अनेक देशांत काडतुसे भरायला परवाना लागतो.

दारू कमी म्हणजे धोकाही कमी, हा समज इथे सर्वांत घातक ठरतो. काडतुसाच्या मोठ्या पितळी पुंगळीत सावकाश जळणारी दारू थोडीशीच घातली की ती आडवी पसरते. पुंगळीच्या तळातील ठिणगी देणाऱ्या टोपीची, म्हणजे प्रायमरची, ज्योत तिच्यावरून सरकत जाते आणि दारू नीट न पेटता रेंगाळते. क्वचित अशा वेळी दाब अचानक प्रचंड चढून रायफल फुटल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. गोळी आट्यांच्या (नळीच्या आतल्या पिळदार खाचांच्या) तोंडाशी क्षणभर थबकते आणि मागची दारू बंद जागेत पेटते, हे त्याचे एक स्पष्टीकरण. प्रयोगशाळेत हा प्रकार हुकमी घडवता येत नाही. नेमक्या याच कारणाने अंदाजाने भार (दारूचे वजन) उतरवण्याला कुठलाही आधार उरत नाही. सावकाश जळणाऱ्या दारूचा भार दारू बनवणाऱ्या कंपनीच्या पुस्तकातील किमान आकड्याखाली कधीही नेऊ नये.

मग हलके काडतूस भरायचे कसे? दारूच बदलायची. हॉजडन या दारू बनवणाऱ्या कंपनीने एच 4895 या पावडरीसाठी, म्हणजे दारूसाठी, नियम दिला आहे : ज्या काडतुसासाठी कंपनीच्या पुस्तकात या पावडरीचा कमाल भार दिलेला असेल, त्याला 0.6 ने गुणावे. कमाल 50 ग्रेन असेल तर 30 ग्रेन, त्याखाली नाही. नावात 4895 असलेली आयएमआर पावडरही मिळते. हा नियम तिचा नव्हे. ट्रेल बॉस ही कडीच्या आकाराच्या कणांची, फुगीर पावडर खास हलक्या भारासाठी बनवली गेली. पुंगळीत गोळीचा तळ जिथे येईल तिथपर्यंत ती भरून वजन करावे; तो कमाल भार, आणि त्याच्या 70 टक्के हा सुरुवातीचा. ही पावडर दाबून बसवू नये, दाब वाढतो. पिस्तुलाच्या झटपट जळणाऱ्या पावडरीही वापरतात, पण केवळ छापील आकड्यानुसार.

झटपट पावडरीचा भार पुंगळीच्या तळाशी जेमतेम दिसतो. तो चुकून दोनदा पडला तरी पुंगळी ओसंडत नाही, आणि दुप्पट भाराने रायफल फुटू शकते. त्यामुळे टेबलावर एका वेळी एकच पावडरीचा डबा असावा. काटा प्रमाणित वजनाने आधी तपासावा. काट्याला ग्रेनचा दहावा भाग दिसलाच पाहिजे. भरलेल्या पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या ठेवून प्रत्येकीत विजेरीचा झोत टाकावा आणि पातळी शेजारच्या पुंगळीशी ताडून पाहावी. एकीबद्दलही शंका आली तर ठोकळा रिकामा करून पुन्हा भरावे. तपासल्यावर लगेच गोळ्या बसवाव्यात. शिशाच्या गोळीसाठी पुंगळीचे तोंड किंचित फुलवून घ्यावे, नाहीतर कडेने शिसे खरवडले जाते.

उलट टोकाची चूक म्हणजे भार फारच कमी पडणे. तांब्याचे वेष्टन असलेली गोळी आट्यांतून ढकलायला शिशाच्या गोळीपेक्षा जास्त दाब लागतो, म्हणून ती नळीत अडकण्याची शक्यता अधिक. आवाज बसका आला, धक्का जाणवला नाही किंवा निशाणावर छिद्र उमटले नाही, तर लगेच थांबावे. नळीचे तोंड निशाणाकडेच ठेवून किमान 30 सेकंद थांबावे, मग बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा दांडा) काढून नळीतून आरपार पाहावे. अडकलेली गोळी पितळी सळईने काढतात. तिच्यामागून दुसरी गोळी झाडली तर नळी फुगते किंवा फुटते.

दारू पुंगळीत मागे आहे की पुढे, यावरही वेग हलतो. तपासण्यासाठी काही गोळ्या नळी आधी वर उचलून, तर काही आधी खाली झुकवून, सावकाश आडव्या आणून झाडाव्यात आणि वेगमापकावरचे आकडे ताडावेत. फरक मोठा असेल तर जास्त जागा भरणारी पावडर निवडावी. रिकामी जागा भरायला कापूस किंवा कृत्रिम धागा कोंबण्याची पद्धत आहे, पण त्याने नळीत कायमचे कडे उमटू शकते. टाळलेलेच बरे.

झाडलेल्या पुंगळ्या बरेच सांगतात. मानेवर काजळी म्हणजे दाब इतका कमी, की पितळ फुगून जागा बंद करू शकले नाही. प्रायमर बाहेर आलेला दिसणे हीही कमी दाबाची खूण. तळाशी बाहेर आलेली कड नसलेल्या पुंगळीचा खांदा (मानेखालचा उतार) फायरिंग पिनच्या, म्हणजे प्रायमरवर आदळणाऱ्या सुईच्या, ठोक्याने दर वेळी थोडा मागे सरकतो आणि पुंगळी आखूड होते. अशी पुंगळी पुढे पूर्ण भाराने झाडली तर ताणली जाऊन तळाशी तुटू शकते. म्हणून हलक्या भाराच्या पुंगळ्या खूण करून वेगळ्या ठेवाव्यात आणि फक्त मानेलाच पुन्हा आकार द्यावा.

स्वयंचलित भरणाऱ्या रायफलीत एवढ्या दाबावर यंत्रणा सहसा फिरत नाही. हाताने बोल्ट ओढून भरायची रायफलच योग्य. वेग घटला की गोळीचा फिरकीवेगही घटतो. लांब, जड गोळी मग हवेत डगमगते आणि कागदावर गोल छिद्राऐवजी आडवा ठसा दिसतो. तसे दिसले तर आखूड गोळी घ्यावी. संथ शिशाची गोळी कठीण पृष्ठावरून सहज उसळते. निशाणामागे मातीचा बांधच हवा.