किसमुरीतली साखर

फोंड्याला मावशीच्या मागच्या खोलीत खिडकीच्या वर एक खुंटी आहे. पूर्वी तिला छत्र्या असायच्या. आता दिवसातून चारदा दोन लिटरची पिशवी लटकते. मावशी घरीच, पोटातून डायलिसिस करते: पिशवीतला द्रव पोटात सोडायचा, काही तासांनी काढून टाकायचा. चहातली साखर तिने केव्हाच सोडली. तरी दोन वर्षांत साडीला निऱ्या कमी पडू लागल्या आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, चढले. "मी खाते तरी काय?" तिचा प्रश्न.

उत्तर पिशवीवरच छापलेलं होतं: डेक्स्ट्रोज २.५ टक्के. म्हणजे एका पिशवीत ४५-५० ग्रॅम साखर. अंगातलं जास्तीचं पाणी ओढायला ती लागतेच. पण द्रव पोटात चार-सहा तास राहिला की अर्ध्याहून अधिक साखर रक्तात उतरते. अशा चार पिशव्या म्हणजे रोज शंभर ग्रॅमच्या आसपास, वीसेक चमचे, आणि जिभेला पत्ताही नाही.

पोटाचा घेर (आपल्याकडे पुरुषांना ९०, बायकांना ८० सेंमी), रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, ट्रायग्लिसराइड आणि घटलेलं एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल): पाचांपैकी तीन बिघडले की मेटाबॉलिक सिंड्रोम. डायलिसिसवाले यात सहज सापडतात, कारण किडनी गेली की शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, एचडीएल घसरतं आणि साठलेलं पाणी रक्तदाब चढवतं. पाण्याने पोटही फुगतं, म्हणून टेप लावायची ती द्रव काढून टाकल्यावर. एचबीएवनसीवरही (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) फार विसंबू नये. या रुग्णांच्या लाल पेशी लवकर मरतात आणि आकडा खोटाच कमी दिसतो.

मशीनवर रक्त गाळून डायलिसिस घेणारे जाड रुग्ण बारीक रुग्णांपेक्षा जास्त जगतात, असं आकडेवारी सांगते. ते ऐकून खूश होणारे मी पाहिलेत. पण वजन सारखं असलेल्या दोघांत ज्याचा घेर मोठा, त्याला धोका जास्त, हेही त्याच रुग्णांत दिसलंय. तेव्हा काट्यापेक्षा टेपचं ऐकावं.

मावशीची गोम पावसाळ्यात कळली. ताजी मासळी नाही, म्हणून रोज सुक्या बांगड्याची किसमूर, खोबऱ्यात कालवलेली खारी मासळी. मीठ गेलं की तहान, तहान भागवली की सूज, आणि सूज उतरवायला ४.२५ टक्क्यांची पिशवी. तिच्यात साखर ८० ग्रॅमच्या घरात.

साखर उतरवायची तर आधी मीठ तोडा, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मावशी माझ्याकडे वळली.

"बांगड्यात कधीपासून साखर घालतात रे?"