तू बिश्वात (बालशिक्षण)

तू बिश्वात म्हणजे ज्यू पंचांगातील शेवात महिन्याची १५ तारीख, झाडांचे नववर्ष. हिब्रू अक्षरांना अंकमूल्य असते: तेत म्हणजे ९, वाव म्हणजे ६, दोन्ही मिळून १५, म्हणून ‘तू’. हा सण जानेवारी-फेब्रुवारीत, पौर्णिमेच्या सुमारास येतो. बालवर्गात त्याला ‘झाडांचा वाढदिवस’ म्हणतात.

हे नाव केवळ मुलांना रिझवण्यासाठी नाही. मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या प्राचीन संग्रहामध्ये हा दिवस येतो तोच मुळी हिशेबासाठी, कारण फळांचा दशमांश (धर्मासाठी द्यायचा दहावा भाग) काढायला वर्ष कुठून सुरू होते ते ठरलेले लागते. लावलेल्या झाडाची पहिली तीन वर्षांची फळे खायची नाहीत, असाही तोरा या ज्यू धर्मग्रंथातील नियम आहे. काही ज्यू घरांत मुलाचे जावळ तिसऱ्या वर्षी काढतात, तेही या नियमाशी जोडूनच. स्वतःचे वय बोटांवर मोजणाऱ्या मुलाला झाडाचेही वय मोजायचे असते, हे पटकन उमगते.

शाळकरी मुलांनी या दिवशी रोपे लावण्याची प्रथा १८९० मध्ये आजच्या इस्राएलमधील झिख्रोन याकोव या गावी झेएव यावेत्झ या शिक्षकाने सुरू केली. इस्राएलमध्ये तेव्हा बदाम फुललेला असतो. थंड देशांत मात्र बाहेर बर्फ असते. तिथे मुले खिडकीतल्या कपात पार्सलीचे बी पेरतात आणि दोन महिन्यांनी वल्हांडण या वसंतातल्या ज्यू सणाच्या ताटात तीच पाने येतात. या वयाला याहून चांगला धडा नसेल: पाणी रोज घालायचे आणि उगवेपर्यंत माती उकरून पाहायची नाही.

कोकणातील बेने इस्राएल या ज्यू समाजात हा दिवस एलियाहू हन्नाबी (संदेष्टा एलिया) यांचा उरूस म्हणून पाळतात. अलिबागजवळच्या खंडाळ्यातील खडकावर त्यांच्या रथाच्या खुणा आहेत, अशी श्रद्धा आहे. त्यांच्या नावाने मलिदा करतात: भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओले खोबरे, वेलची आणि सोबत फळे. खाण्याआधी आशीर्वचन म्हणायचे. खजुराला ‘झाडाच्या फळाचे’, केळ्याला मात्र ‘जमिनीच्या फळाचे’. मुले इथे हमखास अडतात, कारण केळ तर झाडाला लागते. उत्तर परसात असते. केळ एकदाच व्यते. घड उतरला की तिचा खांब जातो आणि बुडाशी नवे पिल्लू फुटते. म्हणून ती झाडांत धरत नाहीत.